खान्देशी ताट आणि टाईप टू मधुमेह: नव्यानं निदान झालेल्यांनी कुठून सुरुवात करायची

रिपोर्टवर एचबीए१सी ७.८ किंवा ८.५ असा आकडा येतो. डॉक्टर गोळी लिहून देतात आणि म्हणतात, "गोड बंद करा, भात-बटाटा कमी करा." बाहेर रांग लागलेली असते, त्यामुळे बोलणं तेवढ्यावरच संपतं. खरे प्रश्न घरी आल्यावर पडतात. भाकरी किती खायची? केळीच्या पट्ट्यात राहून केळं सोडायचं का? आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी येतील, तेव्हा पुरणपोळीचं काय करायचं?

जळगाव, धुळे, नंदुरबार भागातल्या रुग्णांशी आहाराबद्दल बोलणं हे माझं रोजचं काम आहे, आणि हे प्रश्न मला रोज ऐकू येतात. म्हणून सुरुवातीलाच सांगते: ओट्स, किनोवा, 'शुगर फ्री' बिस्किटं यातलं काहीही विकत आणायची गरज नाही. आपल्या ताटात ज्वारी आहे, उडीद आहे, तूर आहे, वांगं आहे, गिलकं आहे, मेथी आहे. अडचण मापांची आहे. धान्य पोटभर आणि डाळ-भाजी तोंडी लावण्यापुरती, असं आपलं जेवण झालं आहे. ही मापं उलटी करायची आहेत.

आधी रिपोर्ट समजून घ्या

उपाशीपोटी साखर १००च्या खाली असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, १२६ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. एचबीए१सी हा मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देतो: ५.७च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ आणि पुढे मधुमेह. लक्षणं नसतील तर एकाच तपासणीवर शिक्का मारत नाहीत, दुसऱ्यांदा खात्री करून घेतात.

एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची आहे. सातपुड्याच्या पट्ट्यात, विशेषतः नंदुरबारच्या आदिवासी भागात, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. सिकलसेल असेल किंवा रक्त खूप कमी असेल तर एचबीए१सीचा आकडा फसवा निघू शकतो. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर ते डॉक्टरांना आपण होऊन सांगा. मग ते उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवरून निर्णय घेतील.

आता एक टेप घ्या आणि बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पुरुषांची ९० सेंटीमीटरपेक्षा आणि बायकांची ८० सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल, तर पोटात चरबी साठली आहे असं समजायचं. "मी तर बारीक आहे, मला कसा झाला?" असं पुष्कळ जण विचारतात. हातपाय बारीक असले तरी भारतीय माणसाच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या कामातून दाखवून दिलं आहे. ही चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात साचते, इन्सुलिनचं काम नीट होत नाही आणि साखर रक्तातच राहते. म्हणून कंबरेचा घेर हाही तुमचा एक रिपोर्टच आहे. तो दर महिन्याला लिहून ठेवा.

आणि हे तुमच्या एकट्याचं दुखणं नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी उंबरठ्यावर आहेत. ज्यांचा रिपोर्ट उंबरठ्यावरचा आलाय त्यांनीही हा लेख आपल्यासाठीच आहे असं समजून वाचावा. बदलाचा सगळ्यात जास्त फायदा त्यांनाच होतो.

ताटाला हात लावण्याआधी औषधांची चिठ्ठी पाहा

हा भाग गाळून पुढे जाऊ नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन चालू असताना एकदम भाकरी-भात कमी केला तर साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या लघवीतून साखर बाहेर टाकतात. त्या चालू असताना कडक उपास केले किंवा धान्य जवळपास बंदच केलं, तर रक्तात आम्ल वाढून गंभीर आजारपण येऊ शकतं, आणि अशा वेळी मशीनवर साखर फार जास्त दिसेलच असंही नाही. या दोन गटांतलं काही चालू असेल तर आधी डॉक्टरांना सांगा: "मी धान्य कमी करतोय, डोस बघून द्या." नुसती मेटफॉर्मिन असेल तर ही भीती फार कमी आहे.

हातपाय थरथरणं, दरदरून घाम, एकदम कडाडून भूक, डोकं हलकं होणं ही साखर उतरल्याची चिन्हं. ७०च्या खाली आकडा असेल, किंवा मशीन जवळ नसेल आणि लक्षणं असतील, तर तीन चमचे साखर पाण्यात ढवळून लगेच प्या. पंधरा मिनिटांनी परत तपासा, वर आली नसेल तर पुन्हा तेवढीच घ्या. शेतात जाताना खिशात साखरेची पुडी असू द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, दवाखान्यात न्या.

पहिली पायरी: भाकरी तोला

"ज्वारीची भाकरी शुगरला चालते" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुजलं आहे की लोक पोळी सोडतात आणि तीन भाकरी खातात. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं असतात. गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढीच. ज्वारीत तंतू आहेत, दादर ज्वारी तर चवीलाही उत्तम. मैद्यापेक्षा आणि पांढऱ्या भातापेक्षा भाकरी नक्कीच बरी. पण भाकरी मोजून खायची वस्तू आहे.

म्हणून स्वयंपाकघरात एक छोटा वजनकाटा आणा. घरातली एक नेहमीची भाकरी थापायच्या आधी तिचं कोरडं पीठ तोला. आपल्याकडची मोठी, हातभर थापलेली भाकरी ८०-१०० ग्रॅम पिठाची सहज निघते. अशा दोन भाकरी म्हणजे एका जेवणात ११० ते १४० ग्रॅम कर्बोदकं. बहुतेकांची साखर इथेच बिघडलेली असते आणि ते मात्र चहातल्या अर्ध्या चमच्याचा हिशोब करत बसतात.

बैठं काम करणाऱ्या माणसानं एका जेवणाला ५०-६० ग्रॅम पिठाची एक भाकरी, एवढ्यावर सुरुवात करावी. दिवसभर निंदणी, तोडणी, हमाली करणाऱ्याला जास्त लागेल. पहिले आठ दिवस तोलूनच करा, मग हाताला अंदाज येतो. भाकरीचा आकार तोच ठेवून ती पातळ थापली तरी चालतं; समोर मोठी भाकरी दिसली की मनाला तुटल्यासारखं वाटत नाही.

यापुढे जायचं असेल तर कळणा दळून आणा. ज्वारीत सालासकट अख्खे उडीद घालून दळलेलं पीठ आपल्या आज्या-पणज्यांना माहीत होतंच. तीन वाटे ज्वारी आणि एक वाटा उडीद घेतलं, तर १०० ग्रॅम पिठातली प्रथिनं साधारण १० ग्रॅमवरून १३-१४ ग्रॅमवर जातात, तंतू वाढतात आणि भाकरी जास्त वेळ पोटात टिकते. रोजच्या जेवणात कळण्याच्या भाकरीसारखं साधं आणि चांगलं औषध मला दुसरं दिसत नाही. पुरी मात्र नको. भरतासोबत कळण्याची पुरी कितीही लागू दे, ती भंडाऱ्यापुरती.

दुसरी पायरी: डाळ ताटात मधोमध आणा

धान्य कमी केलं की जागा रिकामी होते. ती भरली नाही तर चार दिवसांत माणूस बिस्किटांच्या डब्याकडे वळतो. ती जागा डाळीची, उसळीची, बेसनाची, अंड्याची, दह्याची.

आपल्याकडे यासाठी काय नाही? उडदाचं घट्ट वरण, पातोडीची आमटी, डुबुकवडे, मठाची उसळ, चवळी, मोडाचे मूग, नवापूरची तूरडाळ. ह्या तूरडाळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, आणि आपण ती पाण्यासारखी पातळ करून भातावर ओततो. वरण चमच्यानं उचलता येईल इतकं घट्ट करा आणि एका जेवणाला ते दोन वाट्या खा. सुक्या डाळींत १०० ग्रॅमला २० ते २४ ग्रॅम प्रथिनं असतात. डाळीतही कर्बोदकं आहेतच, पण ती सावकाश पचतात. म्हणून डाळ वाढवताना भाकरी खरोखर कमी व्हायला हवी, दोन्ही वाढवून उपयोग नाही.

मांसाहार करणाऱ्यांना अंडी, मासे, कोंबडी सोपं पडतं. तर्रीवरचं तेल मात्र वाटीत ओतून घेऊ नका. शाकाहारी घरात रोज एक वाटी दही किंवा घरचं पनीर, आणि मूठभर शेंगदाणे. शेंगदाण्यांची मूठ एकच, कारण १०० ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात.

ज्यांच्या लघवीतून प्रथिनं जात आहेत किंवा रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) वाढलेलं आहे, त्यांनी मात्र डाळ, अंडी, पनीर किती खायचं ते डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

तिसरी पायरी: अर्धं ताट भाजीचं

ताटाचे मनानं चार भाग करा. दोन भाग भाजी-कोशिंबीर, एक भाग डाळ-उसळ, एक भाग भाकरी. गिलकी, दोडकी, भेंडी, मेथी, पोकळा, अंबाडी, चवळीच्या शेंगा, कोबी, काकडी, मुळा, टोमॅटो भरपूर खा. बटाटा, रताळं, कच्च्या केळ्याची भाजी ही भाकरीच्या भागात मोजायची.

हिवाळा आला की आपल्याला कुणी शिकवायची गरजच नाही. जळगावच्या भरताच्या वांग्यालाही २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं, ठेचलेली हिरवी मिरची, कांद्याची पात, थोडे दाणे: मधुमेहाच्या रुग्णासाठी यापेक्षा चांगली भाजी शोधून सापडणार नाही. फक्त तेल मोजा. चार माणसांच्या भरताला तीन-चार मोठे चमचे तेल पुरतं. भरीत पार्टीला जायचं असेल तर बिनधास्त जा, दोन वाट्या भरीत खा आणि एक छोटी कळण्याची भाकरी. लोक भाकरी मोजत नाहीत, ती तुम्ही मोजायची.

शेवभाजीचं विचारतात. शेव बेसनाची असली तरी तळलेली असते, वरून तर्री. महिन्यातून एखाद वेळी चालेल, पाव सोडून. रोजच्या जेवणात नको.

खाण्याचा क्रम आणि शतपावली

तेच अन्न, तेवढंच अन्न, पण आधी भाजी-कोशिंबीर आणि डाळ खाऊन मग भाकरी घेतली, तर जेवणानंतरची साखर कमी चढते. याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. पहिली पाच-सात मिनिटं भाकरीला हात लावायचा नाही, एवढंच. सवयीनं पहिला घास भाकरीचाच मोडला जातो, म्हणून सुरुवातीला भाकरी ताटात वाढूच नका, मागून घ्या.

जेवण झालं की दहा-पंधरा मिनिटं चाला. चालताना पायाचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. संध्याकाळी जेवून लगेच खाटेवर आडवं होण्याची सवय मोडली, तरी सकाळच्या आकड्यावर फरक दिसू शकतो. शेतात दुचाकीवरून चक्कर मारणं म्हणजे चालणं नव्हे. आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, खुर्चीवरून हात न टेकता उठणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं असं काही स्नायूंना ताण देणारंही करा.

रात्रीची खिचडी

खान्देशात संध्याकाळ म्हणजे खिचडी, वरून कच्चं तेल, सोबत पापड. ही सवय सुटत नाही आणि सोडायचीही गरज नाही. प्रमाण उलटं करा: एक वाटी तांदळाला पाव वाटी डाळ घालत असाल, तर एक वाटी तांदळाला दोन वाट्या डाळ. मूगडाळ, सालाची असेल तर उत्तम. त्यात गिलकं, मेथी, कोबी, शेंगा जे असेल ते चिरून टाका. मग वाडगंभर नव्हे, दीड वाटी खिचडी, आधी काकडी-टोमॅटो, बरोबर ताक. तेल एक चमचा. बिबड्या, पापड भाजून, तळून नको, आणि एकच.

जेवण शक्यतो आठाच्या आत. रात्री सिंचनाची पाळी असेल तर जागरण होतं, मध्यरात्री चहा-टोस्ट होतो आणि सकाळी साखर वाढलेली दिसते. अशा रात्री डब्यात भाजलेले चणे न्या.

चहा, गूळ आणि "काई नई व्हस"

दिवसात पाच कप चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर म्हणजे जवळपास ५० ग्रॅम साखर, आणि आपण म्हणतो, "मी गोड खातच नाही." गुळाचा चहा घेतल्यानं सुटका होत नाही. गूळ, मध, खडीसाखर, उसाचा रस, रक्तात जाऊन सगळ्यांची साखरच होते. एकदम बंद करणं जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. जीभ महिनाभरात जुळवून घेते.

बाहेरचा प्रश्न अवघड आहे. कुणाच्याही ओट्यावर बसलं की चहा येतो आणि नाही म्हटलं की माणसं नाराज होतात. "खाई ले ना भाऊ, काई नई व्हस" हे वाक्य प्रेमाचं असतं, म्हणून त्यापुढे टिकणं कठीण जातं. "डॉक्टरांनी नाही सांगितलं" म्हणाल तर आग्रह वाढतो. "ताई, ताक द्या ना, उन्हातून आलोय" असं म्हणा. यजमानीण बाईला काहीतरी द्यायचं असतं, तुम्ही मागितलेलं ती आनंदानं देते.

न्याहारीचंही इथेच सांगते. पोहे, टोस्ट, खारी यांत डाळ नाही की भाजी नाही. त्याऐवजी मुगाचं धिरडं, मोडाची उसळ, दोन अंडी, किंवा रात्रीची अर्धी कळण्याची भाकरी दह्यात कुस्करून, वर दाण्याची चटणी. पोहेच हवे असतील तर एक वाटी, त्यात मूठभर दाणे, मटार, कोबी घालून.

केळ्याचं काय करायचं

रावेर, यावल, चोपडा, मुक्ताईनगर इथल्या माणसाला "केळं बंद" सांगणं म्हणजे घरातली वस्तूच नाकारणं. आणि ते तसं सांगायची गरजही नाही. साल काढल्यावर १०० ग्रॅम भरणाऱ्या छोट्या केळ्यात साधारण २३ ग्रॅम कर्बोदकं असतात. म्हणजे ६० ग्रॅम पिठाच्या अर्ध्या भाकरीएवढी. हा हिशोब पाठ करून ठेवा: एक छोटं केळं म्हणजे अर्धी भाकरी. केळं खायचं असेल तर त्या जेवणातली अर्धी भाकरी सोडायची.

केळं जसजसं पिकतं तसतसं त्यातल्या पिठाची साखर होते. डाग पडलेलं, मऊ झालेलं केळं टाळा. नुकतं पिवळं झालेलं, देठाशी थोडं हिरवं असलेलं घ्या. एकटं खाऊ नका, दाण्यांबरोबर किंवा दह्याबरोबर खा. शिकरण नको, कारण त्यात साखर आणि पिकलेलं केळं दोन्ही. जेवण भरपेट झाल्यावर वरून केळं, ही आपल्याकडची पद्धत सगळ्यात वाईट. तोडणीच्या दिवसांत बागेत बसून चार-पाच केळी सहज पोटात जातात. तेव्हा डबा बरोबर असलाच पाहिजे, भुकेल्या पोटी बागेत जाऊ नका. केळ्याचे वेफर्स तळलेले असतात, त्यांना फळात धरू नका.

साखर ताब्यात नसताना, म्हणजे जेवणानंतर २००च्या पुढे जात असताना, महिना-दोन महिने केळं अर्ध्यावर आणा. पेरू, पपईची फोड, जांभूळ, बोरं तोवर बरी. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही ठरावीक गोळ्या चालू असतील, तर केळ्यातलं पोटॅशियमही विचारात घ्यावं लागतं. डॉक्टरांना विचारा.

सणवार आणि उपास

आखाजीला पुरणपोळी, आमरस, सांजोरी एकाच ताटात येतं. त्यातलं एक निवडा. पुरणपोळी खायची असेल तर खापरावरच्या मोठ्या पोळीचा पाव भाग, कटाची आमटी दोन वाट्या, भाजी भरपूर, आणि त्या दिवशी भात-कुरडई नाही. आंबा खायचा असेल तर रस काढू नका, अर्धा आंबा कापून खा, पोळीऐवजी. रसाच्या वाटीत किती आंबे गेले ते कळत नाही. आखाजी एक दिवसाची, पण रसाचं जेवण महिनाभर चालतं. सांभाळायचं आहे ते या महिन्यात.

कानबाई देवीच्या रोटांचे दिवस जास्त अवघड. घरातल्या माणसांच्या नावानं गहू घेतले जातात, प्रसाद वाया घालवायचा नसतो. मी घरच्यांना सांगते की रोट प्रसाद म्हणून सगळ्यांत वाटून घ्या, मधुमेही माणसाच्या वाट्याचा मोठा भाग घरातली तरणी मुलं खातील. श्रद्धा मोडायची नाही आणि एकट्यानं संपवायचंही नाही.

लग्नसराईतली वरण-बट्टी: एक बट्टी, तिच्यावर तूप एक चमचा, वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी पोटभर. वाढणारा दुसरी बट्टी टाकायच्या आधी ताटावर हात आडवा धरा.

उपासाला साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. भगरही मापात. ताक, दाणे, काकडी, दही, थोडा राजगिरा यावर दिवस काढता येतो. मात्र इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर निर्जळी आणि दिवसभराचे उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. दिवसात दोनदाच जेवायच्या पद्धतीलाही हेच लागू आहे: काहींना ती मानवते, वजन उतरतं, पण गोळ्यांचा डोस बदलून घेतल्याशिवाय सुरू करू नये.

मशीन कसं वापरायचं

ग्लुकोमीटर रोज सकाळी एकदा लावून डायरी भरणारे खूप असतात, आणि त्यातून फारसं कळत नाही. पट्ट्या महाग आहेत, म्हणून जोडीनं वापरा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून बरोबर दोन तासांनी एकदा. शेजारी काय खाल्लं ते लिहा. आज दोन भाकरी, परवा एक भाकरी आणि दोन वाट्या वरण, पुढच्या वेळी खिचडी. दोन तासांनंतरचा आकडा साधारण १८०च्या आत, उपाशीपोटीचा ८० ते १३० मध्ये, हे बहुतेकांसाठी लक्ष्य असतं. वयस्कर किंवा हृदयविकार असलेल्यांसाठी डॉक्टर थोडं ढिलं ठेवतात. स्वतःच्या आकड्यांनी पटतं तेवढं माझ्या सांगण्यानं पटत नाही.

ती शेवटी जेवते

हे मला मनापासून सांगायचंय. नवऱ्याला मधुमेह झाला की घरातली बाई त्याच्यासाठी सगळं वेगळं करते. तिला स्वतःला झाला की ती सगळ्यांचं उरलेलं खाते. वरण संपलेलं असतं, भाजी तळाला लागलेली असते, म्हणून दोन भाकरी आणि ठेचा, किंवा दुपारी तीन वाजता चहा-चपाती. तिच्या ताटात फक्त धान्य उरतं. मग "इतकं कमी खाते तरी शुगर वाढते" असं ती सांगते, आणि ते खरं असतं.

उपाय घरच्यांनी करायचा आहे. स्वयंपाक झाला की वाढायला घेण्याआधी तिची वरणाची आणि भाजीची वाटी काढून झाकून ठेवा. सगळे एकत्र बसत असाल तर त्याहून चांगलं. घरात एकच स्वयंपाक ठेवा, कारण कळण्याची भाकरी, घट्ट वरण आणि भरपूर भाजी हे मुलांसाठीही योग्य जेवण आहे. आईवडिलांना मधुमेह असला की मुलांनाही धोका असतो.

वजन आणि गोळ्या कमी होण्याची आशा

मधुमेह परत फिरतो का? काहींचा फिरतो. ब्रिटनमधल्या 'डायरेक्ट' नावाच्या अभ्यासात, निदान होऊन सहा वर्षं झाली नव्हती आणि इन्सुलिन चालू नव्हतं अशा लोकांना देखरेखीखाली खूप कमी कॅलरीचा आहार दिला. वर्षभरानंतर त्यातल्या ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आली. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं, त्यांच्यात हे प्रमाण ८६ टक्के होतं. तो आहार घरी स्वतःच्या मनानं करायचा नाही. त्यातून घ्यायचं ते हे की निदान नवं असताना वजन उतरवण्याला फार मोल आहे. गोळ्या बंद करून तीन महिन्यांनंतरही एचबीए१सी ६.५च्या खाली राहिला, तर त्याला सध्या डॉक्टर 'रिमिशन' म्हणतात. वजन परत वाढलं तर साखरही परत येते, म्हणून तपासणी चालूच ठेवायची. गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

सुरुवातीचं लक्ष्य वजनाच्या पाच टक्के ठेवा. ७० किलोच्या माणसाला साडेतीन किलो.

तपासण्या आणि आपला उन्हाळा

एचबीए१सी दर तीन महिन्यांनी. वर्षातून एकदा डोळ्याच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, कोलेस्टेरॉल. प्रत्येक भेटीत रक्तदाब आणि पाय. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल आणि घर शाकाहारी असेल, तर बी१२ नक्की तपासा. मुंग्या येणं, थकवा हे नेहमी मधुमेहामुळेच असतं असं नाही. तिशीच्या पुढच्या माणसांची साखर आणि रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासतात, नेहमीची औषधंही तिथे मिळतात. विकत घ्यायची असतील तर जनऔषधी केंद्रात स्वस्त पडतात.

भुसावळ-जळगावला पारा ४५च्या वर जातो तेव्हा पाणी आणि मीठ कमी पडून साखर वर-खाली होते. पाणी, मीठ घातलेलं पातळ ताक, लिंबूपाणी बिनसाखरेचं. रसवंतीवर थांबू नका. इन्सुलिन दुचाकीच्या डिकीत ठेवू नका. वीज जात असेल, फ्रीज नसेल, तर ओल्या वाळूत ठेवलेल्या मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात घालून, सावलीत ठेवा. अनवाणी वावरात जाऊ नका. तापलेल्या मातीनं पाय भाजला तरी बधिर पायाला कळत नाही.

उलट्या-जुलाब, ताप असताना जेवण जात नसेल तर इन्सुलिन मनानं बंद करू नका, डॉक्टरांना फोन करा. डापाग्लिफ्लोझिनसारखी गोळी अशा दिवशी थांबवावी लागते, तेही विचारून घ्या. साखर वारंवार ३००च्या वर, जोरानं चालणारा श्वास, सतत उलट्या, गुंगी, किंवा पायाची जखम काळी पडणं, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.